मिस्त्रीकाका, अनोळखी हातात जाणाऱ्या ट्रेलरबद्दल तुमचे आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

पगाराला जोड म्हणून गाडीमागे जोडायचा एखाददुसरा छोटा ट्रेलर भाड्याने देणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या वतीने हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांनाही मिळावं, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

तुम्ही पहिल्यापासून एकच मुद्दा लावून धरलात: स्वतःच्या वापराचा ट्रेलर वेगळा आणि भाड्याचा वेगळा. आपल्या ट्रेलरच्या खोडी आपल्याला ठाऊक असतात. भाड्याचा ट्रेलर मात्र ज्याला त्यातलं काहीच माहीत नाही असा माणूस जोडून घेतो आणि थेट हमरस्त्याला लागतो. त्यामुळे कुठला भाग घ्यायचा, कुठला बदलायचा, काय लिहून ठेवायचं, हे सगळं त्या अनोळखी माणसाकडे बघून ठरवायचं. तुमचे पहिले आभार या दृष्टीसाठीच.

जुना ट्रेलर घेताना आधी जमिनीवर आडवं होऊन खाली बघायचं, हे तुमच्यामुळे कळलं. रंग बघून काही उपयोग नसतो. पुढचा दांडा चासीला जिथे जोडलेला असतो, तिथे आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरच्या वेल्डिंगवर बोट फिरवायचं. रंगातून केसासारखी तांबूस रेघ दिसली की आत चीर आहे आणि तिथे पाणी शिरतंय, असं समजायचं. नुसता पत्रा गंजला असेल तर नवा तळ घालता येतो. दांड्याला चीर असलेला ट्रेलर घ्यायचाच नाही, मग तो कितीही स्वस्त मिळो.

हिचच्या, म्हणजे गाडीमागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीच्या, बॉलचं तर तुमच्याशिवाय कुणी सांगितलंच नसतं. बॉल ५० मिमीचेही असतात आणि ४७.६ मिमीचेही, आणि डोळ्यांना हा फरक कळत नाही. ५० मिमीचं कपलर (दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) ४७.६ च्या बॉलवर आरामात बसतं, खटका लागतो, पिनही जाते. सपाट रस्त्यावर काही होत नाही. खड्ड्यात ट्रेलरचं तोंड वर उसळलं की कपलर बॉलवरून सुटतं. म्हणून ट्रेलर देताना ग्राहकाच्या गाडीचा बॉल व्हर्निअर कॅलिपरने मोजायचा. ५० मिमीचा बॉल झिजून ४९ वर आला असेल तर त्याला आपला ट्रेलर जोडायचा नाही. कपलर लावल्यावर पुढच्या आधाराच्या चाकाचं हँडल फिरवून दांडा वर उचलायचा. गाडीची मागची बाजू त्याच्याबरोबर वर आली तर कपलरने बॉल पकडला आहे. दांडा एकटाच वर आला तर पुन्हा जोडायचं. या तपासणीला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि ती ग्राहकाच्या हातूनच करून घ्यायची, म्हणजे परत येताना तो ती स्वतः करतो.

साखळ्या दोन, आणि कपलरखाली एकमेकींवरून फुलीसारख्या. कपलर निसटलंच तर दांडा त्या फुलीच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताण येणार नाही इतक्या लांब आणि जमिनीला घासणार नाहीत इतक्या आखूड. घासणारी कडी महिनाभरात किती झिजते, ते तुमच्याकडच्या तुकड्यावर आम्ही पाहिलंय.

मालाच्या वजनाचं गणित तुम्ही खडूने पत्र्यावर मांडून दाखवलंत, आणि तेव्हापासून आमच्या प्रत्येक ट्रेलरच्या आत रंगाची एक रेघ आहे. हे गणित सगळ्यांच्या उपयोगाचं म्हणून इथे देतो. एकूण क्षमता ७५० किलो, रिकाम्या ट्रेलरचं वजन २५० किलो, म्हणजे माल जास्तीत जास्त ५०० किलो. डब्याचं माप १.८ मीटर गुणिले १.२ मीटर, बाजूची उंची ३० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ०.६५ घनमीटर जागा. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १६०० किलो भरते. डबा काठोकाठ भरला की झाले हजार किलोंच्या वर, म्हणजे परवानगीच्या दुप्पट. ५०० किलो कोरड्या वाळूची उंची तळापासून जेमतेम १४ सेंटिमीटर येते. वाळू ओली असेल तर ती घनमीटरला २००० किलोंपर्यंत जाते, मग ११ सेंटिमीटरलाच थांबावं लागतं. डबा अर्ध्याहून जास्त रिकामा दिसतो आणि ग्राहक म्हणतो, अजून दोन पाट्या टाका की! अशा वेळी वाद घालायचा नाही, रेघ दाखवायची. वाळू, माती, खडी यांसाठी ही रेघ. पानं, फांद्या, फर्निचर यांना डबा भरला तरी सहसा चालतं.

वजन किती याच्याइतकंच ते कुठे ठेवलंय हेही महत्त्वाचं. साधारण साठ टक्के माल एक्सलच्या पुढे आणि चाळीस मागे असावा. हिचवर एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के भार आला पाहिजे. ट्रेलर सपाट जागेवर ठेवायचा, कपलरखाली घरातला वजनकाटा आणि त्यावर लाकडाचा ठोकळा लावून दांडा हिचच्या उंचीवर आणायचा, की आकडा वाचता येतो. गाडीच्या हिचवर लिहिलेली मर्यादा त्यापेक्षा कमी असेल तर माल कमी करायचा. तो मागे सरकवून हिचवरचा आकडा कमी करायचा नाही. मागे भार जास्त झाला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो आणि गाडीलाही ओढतो. असं झालं तर जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगने ट्रेलरचा पाठलागही करायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. या सूचना आम्ही ट्रेलरच्या पुढच्या पत्र्यावर ठळक अक्षरांत रंगवून घेतल्या आहेत.

बेअरिंगबद्दल तुम्ही जितका वेळ दिलात तितका कुणीच देत नाही. चाक फिरवत फिरवत एक्सलच्या टोकाचा नट आवळायचा, चाक जड वाटेपर्यंत. मग नट पूर्ण सैल करायचा आणि पाना बाजूला ठेवून फक्त बोटांनी बसेल तितका बसवायचा. नट अडवणाऱ्या पिनचं भोक जुळत नसेल तर नट सैल करण्याच्या बाजूला फिरवायचा, आवळण्याच्या बाजूला कधीच नाही, आणि कॉटर पिन दर वेळी नवी घालायची. बेअरिंग तापलं की फुगतं, त्याला जागा नसेल तर ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, रोलर कोरडे पडतात आणि शेवटी चाक एक्सलवरून निघून जातं. नट फार सैल राहिला तर चाक डुगडुगतं, सील खराब होतं आणि धूळ आत जाते. ट्रेलर परत आला की लगेच तळहाताची मागची बाजू दोन्ही हबजवळ (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाजवळ) नेऊन बघायची. दोन्ही सारखेच कोमट असतील तर ठीक. एक कोमट आणि दुसरा हात ठेववत नाही इतका गरम असेल, तर तो ट्रेलर पुढच्या ग्राहकाला द्यायचा नाही. ग्रीस वर्षातून एकदा पूर्ण काढून नवं भरायचं, वेगवेगळ्या जातींचं मिसळायचं नाही. आतलं-बाहेरचं बेअरिंग, सील आणि पिन असा एक तयार संच डब्यात भरून ठेवायचा. बोटीचा ट्रेलर सुरुवातीला घेऊ नका, या सल्ल्याचं कारणही इथेच आहे. प्रवासाने तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं.

टायरचं थोडक्यात. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचायचा: ३२२२ म्हणजे २०२२ सालचा ३२वा आठवडा. खाचा नव्यासारख्या असल्या तरी बाजूला बारीक भेगा दिसल्या की टायर बदलायचा. चाक काढून बसवलं असेल तर पहिल्या ५० ते ८० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे. स्टेपनी त्याच मापाची आणि नट उघडणारा पाना ट्रेलरमध्येच ठेवायचा, कारण गाडीचा पाना बसेलच असं नाही.

दिव्यांची तक्रार आली की तुम्ही बल्बकडे न बघता आधी अर्थची (वीज परत नेणारी) वायर बघता. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणायला लागले, किंवा एक इंडिकेटर लावला की मागचे बाकीचे दिवेही त्या तालावर लुकलुकले, तर वीज परतीची वाट दुसऱ्या बल्बमधून शोधते आहे. चासीच्या गंजावर आणि ग्रीस लागलेल्या बॉलवर अर्थ सोपवायचा नाही. प्रत्येक दिव्यापासून प्लगपर्यंत वेगळी वायर ओढायची. गोल आणि चपटा, दोन्ही प्लगांसाठी ॲडॅप्टर आम्ही जवळ ठेवतो. ते नसेल तर दिवे न लावताच माणूस निघतो, आणि त्याला अडवण्यापेक्षा ॲडॅप्टर देणं सोपं.

आता पैशांचं. तुमची रीत अशी: विमा, नोंदणी, टायर, बेअरिंग, रंग आणि ट्रेलरची दर वर्षी घटणारी किंमत, सगळं एकत्र करायचं आणि त्याला ३६५ ने भागायचं नाही. लोकांना ट्रेलर लागतो तो सुट्टीच्या दिवशी. वर्षात शनिवार-रविवार मिळून १०४ दिवस, त्यातले निम्मे लागले तरी ५२. खर्चाला ५२ ने भागून जो आकडा येईल, त्याच्या खाली एका दिवसाचं भाडं उतरवायचं नाही. दुसरा ट्रेलर कधी घ्यायचा, याचं उत्तर वहीतून मिळतं. ज्याला नाही म्हणावं लागलं, त्याची तारीख आणि त्याला कसला ट्रेलर हवा होता ते लिहून ठेवायचं. एकाच सुट्टीला दोघातिघांना परत पाठवावं लागतंय असं वारंवार दिसलं तरच दुसरा घ्यायचा, आणि तोही वहीत ज्याची मागणी जास्त असेल त्या प्रकारचा.

कागदपत्रांचे नियम जागोजागी वेगळे असतात. आपल्या भागातल्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे लागतात. विम्याबाबत मात्र तुमचा आग्रह आम्ही सगळीकडे पाळतो. भाड्याने देण्याला संरक्षण आहे, हे विमा कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय पहिला ट्रेलर बाहेर सोडायचा नाही. घरगुती वापराच्या विम्यात भाड्याचा धंदा सहसा धरलेला नसतो. करारात ग्राहकाच्या परवान्याची प्रत, गाडीचा नंबर, गाडी ओढू शकते ते कमाल वजन, नेण्याची आणि आणण्याची वेळ, पंक्चरचा खर्च कुणाचा आणि ट्रेलर तिसऱ्याला द्यायचा नाही ही अट, एवढं तरी हवंच. नेताना चारही बाजूंचे, टायरचे आणि कपलरचे फोटो ग्राहकासमोर काढायचे, आणताना तेच पुन्हा. तो निघून गेल्यावर सापडलेला पोचा आपल्याच खिशातून भरावा लागतो.

काका, तुम्ही या सगळ्याचा एक पैसा घेतला नाहीत, आणि कुणाचा प्रश्न मूर्खपणाचा म्हणून परतवलाही नाहीत. तुमच्या तपासणीच्या कागदाची प्रत आमच्या प्रत्येक ट्रेलरच्या हत्यारपेटीत आहे. नवीन कुणी चौकशीला आला की त्याच्या हाती आम्ही आधी तोच कागद देतो. ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी त्यात काय वाढवायचं, ते तेवढं तुमच्या सवडीने सांगा. ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक लावणारी तार कुठे अडकवायची, यावर आमच्यात एकमत होत नाही आणि तुमच्याशिवाय ते होणारही नाही.

तुमचे ऋणी,
जोडधंदा म्हणून ट्रेलर भाड्याने देणारे आम्ही सगळे