सूचना : शनिवारचा पत्रकारिता पुरस्कार सोहळा

सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार.

येत्या शनिवारी सायंकाळी 6 वाजता टिळक पत्रकार भवनात पुरस्कार सोहळा आहे. छापील बातम्यांबरोबर यंदा डिजिटल वार्तांकनालाही पुरस्कार आहे, म्हणून सर्वांनी आवर्जून यावे.

1911 पासून 'हितवाद' हे इंग्रजी वृत्तपत्र निघते त्या या नागपूर शहरात आज सकाळचा पेपर दारात पडण्याआधीच बातमी मोबाइलवर वाचून झालेली असते. वेग वाढला हे चांगलेच. काळजी वाटते ती पडताळणीची. छापून गेलेली चूक दुसऱ्या दिवशी 'शुद्धिपत्र' देऊन कबूल करावी लागायची. वेबवर मजकूर गुपचूप बदलता येतो आणि वाचकाला पत्ताही लागत नाही. दुरुस्तीची वेळ बातमीखाली लिहिण्याचा नियम आपणच घालून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. सोहळ्यानंतरच्या चर्चेत हा विषय मांडणार आहे, आपले अनुभव घेऊन या.

आणखी एक कळकळीची विनंती. गडचिरोली, भंडाऱ्याचे तालुका वार्ताहर रेंज शोधत टेकाडावर चढून व्हिडिओ पाठवतात. त्यांचे पुरस्कार शेवटी आहेत. मुख्य पाहुण्यांचे भाषण आटोपले की सभागृह रिकामे होते, तसे यंदा होऊ देऊ नका.

मेट्रोने येणाऱ्यांनी सीताबर्डीला उतरून ऑटो करावा. जेवणाची व्यवस्था आहे. किती जण येणार ते गुरुवारपर्यंत कळवा.

— सचिव