जुनी पद्मिनी भंगारात द्यायच्या आधी एकदा मिस्त्रीला दाखवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या खान्देशात अजून कितीतरी खळ्यांत, गोठ्याच्या कडेला जुन्या पद्मिनी नाहीतर अँबेसेडर उभ्या आहेत, वर ताडपत्री, टायर बसलेले, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत घरचे म्हणतात द्या एकदाची भंगारवाल्याला. माझं कळकळीचं सांगणं आहे की देऊ नका भो, निदान मिस्त्रीला दाखवल्याशिवाय तरी नका देऊ. वडिलांची 1984 ची पद्मिनी मी घरामागच्या शेडमध्येच पुन्हा चालती केलीय म्हणून सांगतोय.

गाडी वर्षानुवर्षं उभी आहे म्हणजे इंजिन गेलं असं नसतं. 1089 सीसीचं साधं इंजिन आहे ते, जाम असलं तरी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं डिझेल सोडायचं, दोन-चार दिवस मुरू द्यायचं आणि मग पुढून हँडल घालून हळूहळू फिरवून बघायचं, जोर लावायचा नाही. खरी काळजी पत्र्याची. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, त्यामुळे फ्लोअर आणि दाराखालची पट्टी सडली असेल तर पैसा आधी तिथे लावा, रंग सगळ्यात शेवटी. चुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. आणि इंजिन चालू करायच्या नादात ब्रेक विसरू नका, मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांची रबर किट आधी बदला.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतंय, ते पाणी ओढतं आणि जुनं रबर खराब करतं, म्हणून पेट्रोलचे पाईप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकेल असाच मागा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, पंप गरम इंजिनलाच बसवलेला, पेट्रोलची आतच वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. पंपावर ओलं फडकं ठेवून थोडा वेळ थांबलं की निघते.

हे सगळं मला ज्यांनी शिकवलं ते मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना काम करताना बघावं, पॉइंटवरून, म्हणजे ठिणगीचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवरून, बारीक कानस फिरवतात, गेज घालून अर्ध्या मिलिमीटरहून कमी असलेली फट बघतात, मग इंजिन चालू ठेवून प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर नखभर इकडे नखभर तिकडे फिरवतात आणि नुसत्या आवाजावरून सांगतात की बस, झालं. हल्लीच्या पोरांना स्कॅनर लावता येतो, ते शिकायलाच पाहिजे, पण कार्बोरेटर उघडायचा म्हटलं की हात मागे घेतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही हायवे धुळ्यात मिळतात, त्यामुळे धुळ्यापासून भुसावळपर्यंत एकेकाळचे कसलेले मिस्त्री, पत्रा ठोकणारे, लेथवाले अजून आहेत, पण किती दिवस? म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आयटीआयंनी मोटर मेकॅनिकच्या पोरांसमोर या लोकांना मानधन देऊन बोलवावं, एखादी जुनी गाडी मधे उभी करावी आणि पोरांच्या हातूनच ती खोलून घ्यावी.

आरटीओकडेही एक विनंती आहे. 2021 च्या नियमाने 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, 20 हजार फी, 10 वर्षं मुदत, पण ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. ऐंशीच्या दशकातल्या गाड्या त्यात बसतच नाहीत, त्यांना दर 5 वर्षांनी फिटनेस करून रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, आणि एप्रिल 2022 मध्ये कारची ती फी 600 वरून 5 हजारावर गेली होती, ऑगस्ट 2025 पासून तर 20 वर्षांवरच्या कारला ती 10 हजार झालीय. गाडी दुरुस्त करूनही कागदांच्या धास्तीने लोक ती विकून टाकतात, हे मी जवळून बघितलंय. तिन्ही जिल्ह्यांत वर्षातून एकदा फक्त जुन्या गाड्यांचा कॅम्प ठेवला, फिटनेस आणि कागद एकाच ठिकाणी झाले, तर अनेक गाड्या वाचतील. तोवर आरसी बुक तेवढं सांभाळून ठेवा, त्याच्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, पारोळा