इसबाचं इंजेक्शन आणि 'आलेले' डोळे

संपादक महोदय,

स.न.वि.वि. लहान मुलांच्या इसबावर नवीन बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं) इंजेक्शन आलंय, आता इसब गेलाच समजा, अशा थाटाचं हल्ली बरंच वाचायला मिळतं. माझी 7 वर्षांची मुलगी वर्षभर अशाच एका इंजेक्शनवर, डुपिलुमॅबवर आहे म्हणून दुसरी बाजू लिहितेय.

फायदा झाला, खोटं कशाला बोलू. आधी रात्रभर कोपराच्या आत न् गुडघ्यामागे खाजवून रक्त काढायची, हातात पायमोजे चढवून झोपवायचो तर दातांनी ओढून काढायची. महिन्याभरात ती झोपायला लागली आणि आम्हीपण. पण कातडी पूर्ण साफ नाही, मॉइश्चरायझर आणि मधूनमधून स्टेरॉइडचं क्रीम चालूच आहे. 6 ते 11 वयाच्या मुलांवर चाचणी झाली त्यात क्रीमच्या जोडीने इंजेक्शन घेऊनसुद्धा 16 आठवड्यांनी साफ किंवा जवळपास साफ झालेली मुलं साधारण तिघांत एक होती. नुसत्या क्रीमवाल्यांत नवात एक, म्हणजे फरक आहेच, पण जादू नाही. आणि थांबवलं की बऱ्याच जणांना परत उठतो.

तिसऱ्या डोसनंतर डोळे लाल, सकाळी पापण्या चिकटलेल्या. शाळेतून फोन, डोळे आलेत, घेऊन जा. चार दिवस घरी, शेजारच्या काकूंनी त्यांच्या नातवाला आमच्याकडे पाठवणं बंद केलं, आणि शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे इंजेक्शनमुळे आहे, कुणाला लागत नाही. माहितीपत्रकात हा त्रास ठळक लिहिलाय! आम्हाला सुरू करताना कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. राग त्याचाच आहे, औषधाचा नाही. आता थेंब चालू आहेत आणि शाळेत चिठ्ठी दिलीय.

अजून दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. हे औषध सुजेचे जे निरोप अडवतं तेच शरीराला जंतांशी लढायला लागतात, म्हणून पोटात जंत असतील तर आधी त्यांचा इलाज. आणि इंजेक्शन चालू असताना जिवंत लस टाळायची असते, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची, कांजिण्यांची. अमेरिकेत तर 2022 पासून हे 6 महिन्यांच्या बाळांनाही चालतं, तेव्हा लहान बाळ असेल तर पोलिओचे दोन थेंबसुद्धा जिवंत लशीतच येतात हे लक्षात ठेवा, बूथवरच्या ताईंना हे कुठून माहीत असणार.

खर्चाचं लिहीत नाही, तो एक वेगळाच इसब आहे. बंद मात्र करणार नाही. सध्या काळजी फ्रिजची, 2 ते 8 अंशांत ठेवायचं, बाहेर 25 अंशांपर्यंत फार तर 14 दिवस. मे महिन्यात लाइट गेली की आमच्या जळगावात 25 अंश पहाटेसुद्धा सापडत नाहीत.

एक आई, जळगाव