पर्यटनाच्या पानावर कापडाच्या गल्लीलाही जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातून काय आणावे, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत अर्धे पान मजकूर आला होता. चॉकलेटे, अत्तरे, घड्याळे, फ्रिजवर चिकटवायची चित्रे, सगळे होते. कापडाबद्दल एक अक्षर नव्हते. म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, कापले तरी चालेल; कापायची मला सवय आहे.

मी सातारची. पोस्टात बत्तीस वर्षे काउंटरवर काढली आणि निवृत्त झाल्यापासून गोधड्या शिवते. विकायला नाही. लेकी-सुनांची बाळंतपणे, भाचवंडांची लग्ने, आणि आमच्या सोसायटीत ज्याला नातवंड होईल त्याच्यासाठी. एकोणसाठ झाल्या. साठावी सध्या दिवाणखान्यात सतरंजीवर पसरलेली आहे, त्यामुळे आलेल्या माणसाने भिंतीकडेने चालावे लागते.

गोधडीला विकतचे कापड कशाला, असे कुणी म्हणेल. माझी आई तर हमखास म्हणाली असती. तिच्या वाकळीच्या पोटात जुनी लुगडी असत आणि वर धोतराचे किंवा परकराचे, जे हाताला लागेल ते ठिगळ. "धडकं कापड फाडायचं आणि परत जोडायचं, ही कुठली अक्कल?" असा तिचा सूर लागला असता. पण जुनी सुती लुगडी आता आणायची कुठून? कपाटातून निघतात त्या साड्या बहुतेक पॉलिस्टरच्या. सुई अडते, टाका बसत नाही, घाम टिपला जात नाही आणि रात्री पांघरूण अंगावरून घसरून खाली जाते. तेव्हा मऊ सुती कापड विकतच घ्यावे लागते. एकदा ते घ्यायला लागले, की पुण्याची रविवार पेठ काय, मुंबईचे मंगळदास मार्केट काय, माणूस कुठेही गेले तरी आधी कापडाचे दुकान शोधते. परदेशात ते सापडत नाही, कारण सांगणारे कुणी नसते.

२०१८ साली आम्ही दोघे एका यात्रा कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. पॅरिसमध्ये मोंमार्त्र टेकडीवरचे साक्रे-कर हे पांढरेशुभ्र चर्च दाखवले. उतरून खाली आलो तर पायथ्याशी लाकडी घोड्यांची चक्री होती. तिच्यापुढे सगळ्यांनी फोटो काढून घेतले. "बस थांबलीय, वीस मिनिटं!" असे टूर मॅनेजर ओरडत होते. तिथून आम्हाला एका अत्तराच्या दुकानात नेले आणि दीड तास बसवून ठेवले. घरी आल्यावर फोटो मोठा करून बघते तर माझ्या खांद्यामागे, फुटपाथवरच, कापडाचे तागे उभे! लेकीला पाठवला. ती म्हणाली, "आई, ते मार्शे सें-पियेर. पॅरिसमधली कापडाची पेठ." चर्चच्या पायऱ्यांपासून चार पावलांवर. तिथल्या द्रेफ्यूस या दुकानाचे पाच मजले आहेत, आणि आसपास तीन-तीन मीटरचे तयार तुकडे विकणारी दुकाने आहेत. तीन मीटर म्हणजे गोधडीच्या अस्तराचा प्रश्न मिटला. तिकडे पाठ करून मी घोड्याबरोबर हसत उभी होते! तो फोटो फ्रेममध्ये आहे. आमचे हे म्हणतात, काढून टाक. मी ठेवलाय.

त्यामुळे गेल्या वर्षी लेकीकडे तोक्योला गेले तेव्हा नात झाल्याच्या गडबडीतही मी आधीच चौकशी करून ठेवली होती. लेक राहते निशि-कासाईला. तिथे इतके भारतीय आहेत की कोथिंबिरीला अडत नाही. जायचे होते निप्पोरीला, तिथल्या कापडाच्या पेठेत. निहोंबाशीला गाडी बदलून उएनो, आणि उएनोहून यामानोते लाइनने दुसरे स्टेशन. सापडायला सोपे. पहिल्या खेपेला मी गेले रविवारी, जावईबापूंना सुट्टी म्हणून. रस्ताभर शटर खाली. ही मुळात घाऊक व्यापाऱ्यांची पेठ, रविवारी आणि सणासुदीला बहुतेक दुकाने बंद. पुरवणीत एवढी एक ओळ असती तर जावयाची सुट्टी वाचली असती.

मंगळवारी एकटी गेले. स्टेशनच्या पूर्वेच्या दाराने बाहेर पडून थोडे चालले की रस्ता लागतो आणि पुढे जवळजवळ एक किलोमीटर दोन्ही बाजूंना फक्त कापड आणि शिवणाचे सामान. एका दुकानात नुसती बटणे. एकात नुसत्या चेन. एकात चामडे, एकात अस्तराचेच कापड. तोमातो नावाचे सगळ्यांत मोठे दुकान, पाच मजल्यांचे. दारातच १०० येन मीटरचे तागे रचलेले, म्हणजे आपले साधारण साठ रुपये. बायका तागाच काखोटीला मारून कापायच्या टेबलापाशी रांगेत उभ्या राहतात. मीही राहिले. तिथे कापड फाडत नाहीत. आपल्याकडे दुकानदार कात्रीने जरासे चिरून टर्रकन ओढतो, तो आवाज नाही. पट्टी ठेवून, सरळ, शांतपणे कापतात.

त्या रस्त्याचा इतिहास ऐकला तेव्हा मला आईची आठवण झाली. १९१२ साली जपानात ताइशो काळ सुरू झाला. त्या काळाच्या सुरुवातीला असाकुसाकडचे व्यापारी एकगठ्ठा इथे येऊन बसले. कसले व्यापारी? जुन्या कापडाचे आणि कातरणीचे. शिंप्याच्या कात्रीखालून जे उरते त्याचे. म्हणजे आज पाच मजली दुकान आहे त्या रस्त्याची सुरुवात चिंध्यांच्या धंद्यातून झाली. आईने नवे कापड घेऊ दिले नसते, पण त्या रस्त्यावर बसायला तिची हरकत नसती.

कातरणीला जपानी शब्द आहे 'हगिरे'. टोपलीभर हगिरे दुकानाबाहेर ठेवलेले असतात आणि माझ्यासारखीला तेच हवे असतात. पण हा शब्द मराठी घरात मोठ्याने उच्चारायची सोय नाही. मी व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंना उत्साहाने सांगायला गेले तेव्हा लेकीने मागून हात जोडले.

आता माझी फजिती. ही दुसऱ्या भागातल्या एका मोठ्या दुकानातली, नाव लिहीत नाही, कारण चूक माझीच. सुरेख निळे कापड, त्यावर पांढरी बारीक नक्षी, पाटीवर ९८. मी मनात म्हटले, ९८ येन मीटर, लूट आहे. तीन मीटर मागितले. बिल आले २,९४०, कर धरून ३,२३४. तो भाव दहा सेंटीमीटरचा होता! जपानात बऱ्याच दुकानांत तसाच लावतात, आणि पाटीवर तसे लिहिलेलेही होते, मला वाचता येत नव्हते इतकेच. कापड कापून झाले होते. बत्तीस वर्षे वजन आणि दर बघून तिकिटे लावली, आणि इथे दराची पाटी बघितली तर एककच बघितले नाही. पैसे दिले. घरी येऊन कुणाला सांगितले नाही, आज पहिल्यांदा आपल्या पेपरात सांगते आहे.

मापाचा हा घोळ प्रत्येक देशात वेगळा. न्यू जर्सीला माझी नणंद असते, तिकडे कापड अजून वारावर मिळते. आपल्याकडे वार उरला तो नऊवारीच्या नावात. ३६ इंचांचा वार, मीटरपेक्षा जवळजवळ साडेतीन इंच कमी, आणि 'फॅट क्वार्टर' म्हणून १८ बाय २२ इंचांचा जो तुकडा मिळतो तो अर्धा वार कापड मधोमध कापून केलेला. हे एकदा कळले की गोंधळ नाही. जपानात सुती कापडाचा पन्हा साधारण ११० सेंटीमीटर. पण किमोनोच्या कापडाचा पन्हा हातभरही नसतो, ३६-३७ सेंटीमीटर, आणि लांबी बारा मीटरच्या आसपास. त्या एका पट्ट्यात एक किमोनो बसतो. कापायचे ते सरळ आयत, कुठे वळण नाही, म्हणून उसवला की पुन्हा कापडाचे कापड. हे ऐकून मला लुगड्याच्या बाईला न समजण्यासारखे काही वाटले नाही.

असे जुने किमोनो आणि त्यांचे तुकडे क्योतोत तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो तिथे मिळतात. २५ तारखेला तसाच बाजार तिथल्याच कितानो तेन्मांगू या देवळात. आम्ही २१ गाठली. एका म्हातारीच्या ढिगाऱ्याशी मी तासभर उकिडवी बसले. भाषा शून्य. शेवटी नातीसाठी शिवलेली दुपटी पिशवीत होती ती काढून दाखवली. तिने नक्षी बघितलीच नाही, सरळ उलटी केली आणि मागचे टाके बोटाने चाचपले. शिवणारी बाई अशीच बघते. मग "साशिको, साशिको" म्हणाली. साशिको म्हणजे त्यांचा धावदोरा. उत्तरेकडे त्सुगारूला थंडी कडक, कापूस पिकत नाही, शेतकऱ्यांना सुती कपडे घालायची बंदी होती. तेव्हा बायका तागासारख्या जाड कापडात सुती दोरा भरून ते ऊबदार करत. आपल्या बायका जुने वर जुने घालून तेच करत होत्या. म्हातारीने हिशेबात एक निळा तुकडा जास्त टाकला, मी तिला पिशवीतली आलेपाकाची वडी दिली. ती तिला तिखट लागली असावी.

एका गोष्टीचे हसू आले. निप्पोरीत एका दुकानात खास मांडणी करून ठेवलेले ठशांचे कापड दिसले. पाटीवर काय लिहिले आहे म्हणून फोटो काढून लेकीला पाठवला. उत्तर आले, 'इंदो-मेन', म्हणजे भारतीय सुती. बुट्टी बघून मी आधीच ओळखले होते, राजस्थानची. ती काही घेतली नाही.

ओझ्याचे सांगते, कारण पुरवणीत बॅगेबद्दल लिहिले होते. मध्यम सुती कापड, ११० सेंटीमीटर पन्ह्याचे, किलोला साधारण सात मीटर बसते. २३ किलोच्या बॅगेत आमच्या ह्यांचे कपडे कमी केले तर बरेच मावते. मी लेकीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक घडी मोजून कागदावर लिहिली होती. विमानतळावर वजन २२.८ भरले. काउंटरवरच्या मुलीने मान डोलावली तेव्हा मला आत कुठेतरी फार बरे वाटले.

तर विनंती एवढीच. पुढच्या वेळी एखाद्या शहरावर लिहाल तेव्हा तिथल्या कापडाच्या पेठेचे नाव, जवळचे स्टेशन, बंद असण्याचा वार आणि भाव कशावर लावतात, मीटरवर, वारावर की दहा सेंटीमीटरवर, एवढे द्या. चार ओळी होतात. आपले कितीतरी वाचक लेकी-सुनांकडे तीन-तीन महिने जाऊन राहतात आणि दुपारी खिडकीतून पार्किंग बघत बसतात. त्यांना विचाराल तर तेच माहिती पाठवतील, लंडन, सिंगापूर, मेलबर्न, सगळीकडची. आणि यात्रा कंपन्या आपल्याकडे जाहिराती देतात, त्यांच्या कानावर घाला: अत्तराच्या दीड तासातला अर्धा तास आम्हाला द्या. हवे तर बस लांब लावा, आम्ही चालत येऊ.

आपली,
गोधडी शिवणारी एक निवृत्त टपाल कर्मचारी, सातारा

ता. क. : कापड कापायचे गोल पात्याचे कटर ओसाकाच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली पहिल्यांदा काढले. जपानला गेल्यावर ते घेतल्याशिवाय राहवत नाही. मी पिवळ्या मुठीचे घेतले आणि जपून ठेवायचे म्हणून हातातल्या पर्समध्ये ठेवले. सुरक्षा तपासणीतल्या मुलाने कमरेत वाकून माफी मागितली आणि ते काढून घेतले. सुटी पाच पाती मात्र मोठ्या बॅगेत होती, ती सुखरूप साताऱ्याला पोचली. मूठ माझ्याकडे नाही. कुणाकडे पात्यांवाचून अडले असेल तर कळवावे.