जलसहली भरतीचे वेळापत्रक पाहून ठरवाव्यात

मा. संपादक महोदय,

नारळी पौर्णिमा झाली आणि चतुर्थीची धावपळ सरली की शिवोली, मोरजी, मांद्रे या गोव्यातल्या आमच्या परिसरात पाण्यावरच्या सहलींची आखणी सुरू होते. शाळांचे पालक-शिक्षक संघ, ज्येष्ठ नागरिकांची मंडळे, वाचनालये आणि आता गृहनिर्माण संस्थाही शापोरा नदीतली होडीफेरी, केरीहून फेरीबोटीने तेरेखोल किंवा चोडणचे पक्षी अभयारण्य असे काही ना काही ठरवतात. जानेवारी 2023 मध्ये मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यापासून पाहुण्यांच्या सहलींचीही त्यात मोठी भर पडली आहे. या आखणीत बस किती वाजता सुटणार, जेवण कुठे, परत किती वाजता, हे सगळे बारकाईने पाहिले जाते. पण ज्या पाण्यावर जायचे त्याची वेळ सहसा कोणी विचारत नाही. ती विचारण्याची सवय आपल्या संस्थांना लागावी आणि तशी सोय सरकारने प्रत्येक जेटीवर करावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, त्यांच्यात साधारण सहा-सहा तासांचे अंतर असते आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो, तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तो बराच कमी असतो. दोन मीटर म्हणजे उंच माणसाच्या डोक्यावरून जाणारे पाणी. सकाळी ज्या पायरीवरून आजीबाई सहज होडीत बसल्या, त्या पायरीखाली संध्याकाळी गुडघाभर चिखल असू शकतो. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा जुन्या माणसांचा हिशेब अजूनही उपयोगी आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, असा तो चालतो. हे गणित मुंबईकडे चांगले जुळते. आपल्याकडे भरती त्याहून थोडी आधी येते आणि नदीतून जितके आत जावे तितकी उशिरा पोचते. त्यामुळे मोरजीच्या मुखाशी जी वेळ असेल ती कामुर्ली-कोलवाळला लागू पडत नाही. हा अंदाज ढोबळ आहे, पण कोणती तारीख मुळातच गैरसोयीची आहे हे कळायला तो पुरेसा आहे.

सर्वांत लोकप्रिय बेताचेच उदाहरण घेऊ. पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेचारला होडीत बसायचे, सूर्यास्त पाहायचा आणि चंद्रोदय पाहून परतायचे, अशी सहल सर्वांनाच हवी असते. परंतु पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारच्या आत येऊन गेलेली असते आणि संध्याकाळी पाचच्या आसपास पंधरवड्यातली सर्वांत खोल ओहोटी असते. म्हणजे नदीच्या मुखाजवळचा वाळूचा दांडा उघडा पडलेला, जेटीखालचा चिखल वर आलेला, अशा नेमक्या वेळी आपण चाळीस-पन्नास माणसे घेऊन पोचतो. त्याच दिवशी सकाळी आठच्या सुमारास निघाले, तर चढत्या पाण्याबरोबर नदीच्या वरच्या अंगाला जाता येते आणि पाणी फिरले की त्याच पाण्याबरोबर परत येता येते. इंधन कमी लागते, इंजिनाचा आवाज कमी होतो आणि खारफुटीतल्या आतल्या वाटाही मोकळ्या मिळतात. चांदणेच हवे असेल तर पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधीची, दशमी-एकादशीची संध्याकाळ घ्यावी. चंद्र तेव्हा सूर्यास्ताआधीच वर आलेला असतो, संध्याकाळी पाणी भरतीला असते आणि उधाणाचा जोरही नसतो.

गेल्या हंगामात आमच्या भागातल्या एका शाळेची होडी अशाच ओहोटीला वाळूत रुतली. शाळेचे किंवा होडीचे नाव देण्याचे कारण नाही, कारण दोष एकट्या कोणाचा नव्हता. बसवाल्याला दुपारी दुसरी फेरी होती म्हणून सहलीची वेळ पुढे-मागे करणे कोणालाच शक्य झाले नाही. पाणी पुन्हा चढेपर्यंत मुले उन्हात बसून राहिली. पिण्याचे पाणी बसमध्ये होते आणि बस जेटीवर. कोणाला इजा झाली नाही, म्हणून या प्रसंगाची कुठे नोंदही झाली नाही. परंतु त्या मुलांपैकी कित्येकांच्या घरांत आता पाण्यावरच्या सहलीला परवानगी मिळत नाही. नदीकाठच्या गावातली मुले नदीपासून अशी तुटावीत, हे मला फार गंभीर नुकसान वाटते.

नदीच्या आत होडी रुतली तर खोळंबा होतो; नदीच्या मुखाशी मात्र चूक जिवावर बेतते. शापोरा, साळ, तळपण, गालजीबाग या नद्यांच्या मुखांशी वाळूचे दांडे आहेत. ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत असताना समोरून समुद्राची लाट आली की ती दांड्यावर उभी राहते आणि फुटते. लहान होडी आडवी झाली तर ती उलटायला क्षणही पुरतो. म्हणून मुखातून बाहेर पडणे आणि आत येणे दोन्ही चढत्या किंवा भरलेल्या पाण्यात व्हावे, ही मच्छीमारांची रीत आहे. वाऱ्याचेही तसेच आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो, समुद्र आरशासारखा दिसतो आणि नवशिक्याला वाटते की कयाक घेऊन थोडे आत जावे. पण तोच वारा त्याला किनाऱ्यापासून दूर नेत असतो. दुपारी खारा वारा सुटला की लाटा वाढतात आणि थकलेल्या हातांनी वल्ही मारणे कठीण होते. कयाकसाठी नदी आणि सकाळ हीच जोडी योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यासाठी नवा अभ्यास कोणी करायला नको, कारण हे सारे ज्ञान आपल्या तांडेलांकडे (होडीच्या नाखव्यांकडे), रापणीचे जाळे ओढणाऱ्या रापणकारांकडे आणि होडीवाल्यांकडे आहे. अडचण आपल्या व्यवहाराच्या पद्धतीत आहे. तारीख, वेळ आणि माणसांची संख्या आधी ठरवून मग आपण होडीवाल्याकडे फक्त दर विचारायला जातो. त्याने "त्या वेळेला पाणी नाही" असे सांगितले, तर आपण दुसरीकडे जातो आणि कोणीतरी "बघूया" म्हणणारा सापडतोच. त्याऐवजी समितीने पहिली बैठकच होडीवाल्याला बोलावून घ्यावी, महिना ठरवावा आणि त्यातले दोन-तीन दिवस त्याच्याकडून मागून घ्यावेत. दुसरी गोष्ट आगाऊ रकमेची. वारा किंवा लाट पाहून तांडेलाने त्या दिवशी फेरी रद्द केली, तर ती रक्कम पुढच्या तारखेला वळती होईल, तोवर ती त्याच्याकडेच राहील आणि समिती तक्रार करणार नाही, हे आधीच लिहून ठेवावे. आज रद्द केले तर पैसे परत द्यावे लागतात, म्हणून मनात शंका असतानाही होडी सोडली जाते. नकार देणाऱ्याचे नुकसान होणार नाही अशी व्यवस्था केली, तर निम्मे धोके जेटीवरच टळतील. रविवारचा हट्टही सोडावा लागेल. सोयीचे पाणी बुधवारी असेल तर ज्येष्ठ नागरिकांना बुधवार चालतो, आणि शाळांनाही वर्षातला एक बुधवार देता येतो.

सहलीचा हेतू काय, यावरही वेळ बदलते. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यातल्या खारफुटीच्या चिंचोळ्या वाटांतून होडी न्यायची तर भरती लागते. पण मोरजीच्या मुखाशी हिवाळ्यात उतरणारे कुरव आणि चिखलात चरणारे पाणपक्षी पाहायचे, तर उतरते पाणी हवे आणि काठावर उभे राहणेच बरे. खाजन शेतीचे (भरतीच्या पाण्याजवळच्या सखल जमिनीतल्या शेतीचे) बांध आणि मानशी (बांधातली पाणी अडवणारी-सोडणारी दारे) मुलांना दाखवायच्या असतील, तर पाणी फिरण्याच्या वेळी जावे, म्हणजे मानशीची दारे पाण्याच्या दाबाने कशी मिटतात आणि उघडतात हे प्रत्यक्ष दिसते. भूगोलाचा याहून चांगला तास मला माहीत नाही.

सुरक्षेच्या साधनांबाबत थोडक्यात लिहितो, कारण नियम आहेतच. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यांत्रिक होडीची नोंदणी, तपासणी आणि विमा बंधनकारक आहे. बंदर कप्तान खात्याचा परवाना पाहायला मागणे हा होडीवाल्यावरचा अविश्वास समजू नये. लाइफ जॅकेट बाकाखाली रचून ठेवलेले असून उपयोग नाही, ते जेटीवरच अंगावर चढवून पट्टे आवळलेले असावे आणि मुलांसाठी मुलांच्याच मापाचे असावे. 25 डिसेंबर 2024 रोजी, ऐन नाताळात, कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून एकाचा मृत्यू झाला आणि वीस जणांना वाचवावे लागले. किनारा तेथून फार दूर नव्हता आणि जीवरक्षक जवळ होते, म्हणून ते वाचले. आपल्या किनाऱ्यांवर 2008 पासून जीवरक्षक आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे, परंतु नदीच्या आतल्या भागात तशी व्यवस्था नाही, हे सहल ठरवताना लक्षात घ्यावे. तटरक्षक दलाचा 1554 आणि आपत्कालीन 112 हे दोन क्रमांक प्रत्येक सहलप्रमुखाकडे असावेत.

मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, त्यामुळे रात्री तेथील किनाऱ्यावर दिवे आणि ध्वनिक्षेपक घेऊन उतरणाऱ्या सहली कोणत्याही मंडळाने काढू नयेत. डॉल्फिन दाखवण्यासाठी त्यांचा पाठलाग करण्याचा आग्रहही होडीवाल्याला करू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे आणि शांत उभ्या राहिलेल्या होडीजवळ ते पुष्कळदा आपणहून येतात.

पावसाळ्याबद्दल वेगळे काय लिहावे? 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीलाच बंदी असते. ज्या समुद्रात तांडेल जात नाही, तेथे सहलीने जाऊ नये. 24 जूनला सांजांव या ख्रिस्ती सणाच्या सजवलेल्या होड्या शिवोलीत निघतात, त्या आतल्या शांत पाण्यात, आणि त्यामागेही पाण्याची जाण असलेली माणसे असतात.

आता सरकारकडे मागणी. भरती-ओहोटीची पुढच्या वर्षाची कोष्टके आगाऊ तयार असतात आणि समुद्रातल्या उंच लाटांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस संस्था वेळोवेळी देते. ही माहिती मोबाइलवर आहे, हे उत्तर पुरेसे नाही, कारण ती इंग्रजीत आहे, बहुधा मुरगाव बंदराची आहे आणि सहलीची तारीख ठरवणाऱ्या मंडळाच्या सचिवाला ती कशी वाचायची हे माहीत नसते. बंदर कप्तान खाते, नदी परिवहन खाते आणि पंचायतींनी मिळून प्रत्येक जेटीवर आणि फेरी धक्क्यावर मराठी व कोकणीत एक फलक लावावा. त्यावर त्या आठवड्यातील भरती-ओहोटीच्या त्या ठिकाणच्या वेळा आणि तेथून कोणत्या पाण्यात होडी सोडू नये याची स्थानिक मच्छीमारांनी सांगितलेली सूचना असावी. धक्क्याच्या खांबावर पाण्याची पातळी दाखवणारे रंगीत पट्टे मारले, तर वाचता न येणाऱ्यालाही पाणी चढते आहे की उतरते आहे ते कळेल. शापोरा नदीला 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गाचा दर्जा मिळालेला आहे. त्या जलमार्गाच्या काठावर पाण्याची वेळ सांगणारा फलक नसावा, हे पटण्यासारखे नाही. खर्च रंगाचा आणि दर आठवड्याला फलक बदलणाऱ्या एका माणसाचा आहे. फेरी धक्क्यांवर असे कर्मचारी आहेतच, इतर जेटींसाठी पंचायतींनी जबाबदारी घ्यावी. ऑक्टोबरमध्ये सहलींचा हंगाम सुरू होतो. त्याआधी निदान शिवोली, शापोरा आणि केरी या तीन ठिकाणी तरी हे काम व्हावे, अशी माझी संबंधित खात्यांना विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, शिवोली, बार्देश