बोंडअळीचे पतंग सोडण्याआधी : केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

जनुक बदललेल्या किडींसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०२३ मध्ये आल्या. उद्या गुलाबी बोंडअळीचे असे पतंग शेतात सोडायची परवानगी कुणी मागितली, तर कागद तुमच्याच मंत्रालयाच्या जीईएसी या जनुकबदलाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीपुढे येणार. मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूस उत्पादक. माझा या तंत्राला विरोध नाही; घाईला आणि गुपचूप कारभाराला आहे.

गुलाबी अळी बोंडात शिरली की मागे भोक बुजून जाते. बोंड वरून हिरवेगार. फोडले की सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली. फवारा तिथवर पोचतच नाही, तरी आम्ही फवारत राहतो. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. ढालकिडे, क्रायसोपा असे किडी खाणारे मित्रकीटक तर दरवर्षीच मरतात, त्यांची नोंद कोण ठेवतो? जनुक बदललेला नर मात्र आपल्याच जातीची मादी गाठतो. त्यांच्या पोटच्या माद्या अळी असतानाच मरतात, नर जगतात. हा वाण प्रयोगशाळेत वाढलेला, बीटीला, म्हणजे बीटी कापसात जनुक घालून आणलेल्या अळीमारक विषाला, बळी पडणारा. तो गुण हे नर पुढच्या पिढीत पेरतात. आमची अळी आता बीटीला जुमानत नाही, तेव्हा मला यातला खरा फायदा हाच वाटतो.

अमेरिकेचा दाखला हमखास दिला जाईल. अ‍ॅरिझोनात २००६ पासून बीटी कापसाच्या जोडीला विमानातून अब्जावधी वांझ पतंग सोडले आणि २०१८ मध्ये ही अळी देशातून संपल्याचे जाहीर झाले. पण ते पतंग किरणोत्साराने वांझ केलेले होते. शिवाय तिथे ही अळी बाहेरून आलेली, कापूस वाळवंटातल्या ओलिताचा. आपल्या एका राज्यात चाळीसेक लाख हेक्टर पऱ्हाटी, वर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेला कापूस. आणि या अळीची पहिली शास्त्रीय नोंदच एकोणिसाव्या शतकात भारतातल्या कापसावरून झालेली. तिच्यावर इथले कोणते परजीवी कीटक जगतात, ती गेली तर तिची जागा कोण घेईल, हे आधी तपासायला नको? बीटीने हिरवी बोंडअळी आवरली, तेव्हा तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण डोईजड झाले होते.

लपवाछपवी कशी अंगलट येते, हे दिल्लीला माहीत आहे. १९७५ मध्ये सोनीपतला वांझ डास सोडायचा प्रयोग वर्तमानपत्रे आणि संसदेच्या लोकलेखा समितीच्या प्रश्नांनंतर ऐनवेळी गुंडाळावा लागला. तेव्हा जनुकबदलही नव्हता.

म्हणून आधी किरणांनी वांझ केलेले पतंग एखाद्या तालुक्यात सोडून पाहा. २०१७ मध्ये जालन्याजवळ दावलवाडीला जनुक बदललेल्या डासांच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. त्यांचे निष्कर्ष मराठीत गावागावांत पोचवा. पतंगाला धुरा-बांध कळत नाही, तेव्हा संमती शेजारच्या ग्रामसभांचीही घ्या. आणि नुकसान झाले तर भरपाई कोण देणार, ते परवानगीच्या कागदावरच लिहा. २०१७ च्या बोंडअळीची भरपाई सरकार, पीकविमा आणि बियाणे कंपन्या अशा तीन वाट्यांत जाहीर झाली होती. तिसऱ्या वाट्यावरून झालेला वाद आम्ही विसरलेलो नाही.

आपला,
एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ