मागच्या खाजनातील प्रकल्पाला सोसायटीने वाट देऊ नये

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

विषय: गृहप्रकल्पासाठी आपला रस्ता वापरू देण्यास हरकत

महोदय,
स. न. वि. वि.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ‘शेजारील प्रकल्पास रस्ता वापरण्याची परवानगी’ हा विषय एका ओळीत उरकलेला दिसला. बदल्यात बिल्डर इमारत रंगवून देणार, नवं गेट बसवणार, असं ऐकतो. रंगाची गरज आहेच, पण या सौद्याला माझा विरोध आहे.

प्रकल्पाची जागा पडीक दिसत असली तरी खाजन आहे, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल शेतजमीन. भरती चढली की मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचं, दार नदीच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं. दार मिटलेलं असताना मुसळधार पाऊस लागला, तर सड्यावरून (वरच्या पठारावरून) उतरणारं पाणी ओहोटी लागेपर्यंत त्या शेतातच थांबतं. दहा हजार चौरस मीटरमध्ये गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर पाणी धरलं तरी ते ५० लाख लिटर होतं. दहा हजार लिटरचे पाचशे टँकर! तिथे भराव पडला की हे पाणी आपलं स्टिल्ट पार्किंग, पंप रूम आणि सोकपिट (सांडपाण्याचा शोषखड्डा) गाठणार. खालच्या फ्लॅटवाल्यांनी जुलै २०२१ च्या पुराचे दिवस आठवावेत.

बिल्डर म्हणतो, मोठं गटार बांधून देऊ. पण ते गटार जाणार कुठे? त्याच नदीकडे. भरतीच्या वेळी नदीची पातळी वर असते. गटार कितीही रुंद केलं तरी पाणी चढाला वाहत नाही.

कायद्याचं बघायचं तर २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे: त्यांचे नकाशे करावेत आणि तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये. गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ मध्ये सखल जमिनीत भराव घालण्यावर निर्बंध आहेत. आता जमिनीचा झोन, म्हणजे ठरवून दिलेला वापर, बदलायला कलम ३९-अ ची पळवाट निघाली आहे. त्यात हरकतींसाठी ३० दिवस मिळतात, तेवढंच काय ते आपल्या हाती.

“आपणही इमारतीतच राहतो, मग दुसऱ्याला का अडवायचं?” असं कुणी विचारेलच. आपली इमारत भाटात, म्हणजे माडाबागायतीच्या जमिनीत आहे, उंचावर. आणि आजवर तरली आहे ती मागचं शेत पाणी झेलतं म्हणून. शिवाय शेत कसणारी कुळं अजून गावात आहेत. त्यांना कुणी विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा ना हरकत दाखला देऊ नये. प्रकल्पाचे परवाने, झोनिंग दाखला आणि भरावाची उंची लेखी मागवावी. झोनबदलाची नोटीस निघताच सोसायटीच्या लेटरहेडवर हरकत जावी. मसुदा मी करून देतो. ग्रामसभेला आपल्यातले निदान चार-पाच जण तरी यावेत. एक-चौदाचा उतारा (जमिनीचा मालक आणि कुळं दाखवणारा) आणि सर्व्हे नकाशा सेक्रेटरींकडे दिला आहे. हे पत्र सभेत वाचून इतिवृत्तात नोंदवावं, ही विनंती.

आपला,
एक सभासद, ब विंग, दुसरा मजला